बारा सेट, नऊ गाड्या

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी आज चाचणीसाठी एक जाड नोंदवही दिली. कोण, कधी, कुठून, कोणत्या सेटवरून बोललं आणि कंट्रोल रूममध्ये काय ऐकू आलं, असे रकाने आखलेत. माझं डोकं किती उठलं याला रकाना नाही, म्हणून ही दुसरी वही. ही माझी.

जानेवारीच्या वादळात मोबाइलचे टॉवर दोन दिवस बंद पडले आणि आमच्या नऊच्या नऊ रुग्णवाहिका वाऱ्यावर सोडल्यासारख्या फिरल्या. कोण कुठे आहे ते मला कळेना, कुठे जायचंय ते त्यांना कळेना. जुने वायरलेस सेट चार वर्षांपूर्वीच भंगारात गेले होते. तेव्हा सगळे म्हणाले, मोबाइल आहे ना खिशात. आता वरच्यांना जाग आली आहे. बारा नवे सेट मंजूर झालेत. हातात धरायचे घ्यायचे की गाडीत बसवायचे, एवढंच ठरवायचंय.

"एकच प्रकार निवडा, ताई," साहेब म्हणाले. "दोन प्रकार म्हणजे दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या, दोन तऱ्हेची दुरुस्ती आणि दोन तऱ्हेची कटकट."

"मीच का?"

"चोवीस वर्षं त्या खुर्चीत बसून ऐकताय. कंपनीच्या कागदांपेक्षा माझा तुमच्या कानांवर जास्त विश्वास आहे."

बरं वाटलं. मग बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की हे काम माझ्या नेहमीच्या कामाच्या डोक्यावर आहे. रोजची शिफ्ट कुणी कमी केलेली नाही. बावीस तारखेपर्यंत अहवाल हवा.

बुधवार, ६ मार्च

दोन्ही प्रकारचे दोन-दोन सेट आले. बसवायला आमचा अँटेना. तो वायरलेसचा तंत्रज्ञ, साडेसहा फुटांचा नि हडकुळा. खरं नाव पगारपत्रकावर असेल. त्याने टेबलावर दोन्ही सेट मांडले आणि मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. गाडीतला सेट पंचवीस वॅटचा, टपावर अँटेना, गाडीच्या बॅटरीवर चालतो, लांब पोचतो, आवाज खणखणीत. हातातला पाच वॅटचा. डोंगर आडवा आला की दम तोडतो. संध्याकाळपर्यंत बॅटरी मान टाकते. पण माणूस जाईल तिथे जातो.

"मग चांगला कुठला?" मी विचारलं.

"ताई, हे म्हणजे बूट चांगला की छत्री चांगली विचारल्यासारखं झालं."

चहाच्या खोलीत आधीच दोन पक्ष पडलेत, आणि ते दोघंही तीन नंबरच्या गाडीतले. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांचं म्हणणं, गाडीला आवाज द्या. "हातातला सेट आज आहे, उद्या नाल्यात. गाडी कुठे पडते का खिशातून?"

त्यांच्याच गाडीवरची छोटी सिस्टर (उंचीवरून पडलेलं नाव, वय चौतीस आहे) लगेच उसळली. "गाडी रस्त्यावर असते, काका. पेशंट रस्त्यावर असतो का? जानेवारीत त्या नदीकाठच्या वस्तीत मी दोन तास एका बाळंतिणीजवळ बसले होते. तुम्ही मोबाइलला रेंज शोधत टेकडी चढत-उतरत होतात. विसरलात?"

"माझे गुडघे विसरलेले नाहीत," काका म्हणाले.

सगळे हसले. सिस्टर माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. ती फार भरभर आणि बारीक आवाजात बोलते. मी मान हलवली.

शनिवार, ९ मार्च

पहिली चाचणी, हातातल्या सेटची. वीस ठिकाणं ठरवली आहेत. बाजार, पुलाखाली, गोदामांच्या मागे, घाटात, घाटापलीकडे. प्रत्येक ठिकाणावरून एक छोटा निरोप वाचायचा आणि मी जे ऐकू येईल ते लिहायचं. दुपारी तेच निरोप परत, तेव्हा खुर्चीत मास्तरीण. मास्तरीण म्हणजे कंट्रोल रूममधली माझी जोडीदारीण. पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायची.

माझ्या हिशेबाने वीसपैकी नऊ निरोप नीट आले. बाकीचे नुसती खरखर आणि गुळण्या केल्यासारखं बोलणं. एकदा मी "आठ पेट्या" लिहिलं, कागदावर "साठ" होतं. एवढासा स्पीकर, त्यातून काय डोंबल ऐकू येणार! मास्तरणीने सतरा लिहिले. शाळेची सवय, ग्रेस मार्क देते. मी तसं म्हटलंही. ती हसली नाही.

मंगळवार, १२ मार्च

थकवा. दिवसभर त्या सेटकडे कान लावून बसायचं म्हणजे मान आखडते. संध्याकाळी घराचं पुढचं दार उघडलं तर बाहेर हे पायरीवर बसलेले, वर्तमानपत्र अर्धं वाचून झालेलं. किल्ली विसरले होते. पण मी घरातच होते की! अर्धा तास आधीच आले होते, मागच्या दाराने.

"बेल वाजवायची ना," मी म्हटलं.

"चारदा वाजवली."

बेल बिघडलीय. त्यांना म्हटलं, नवी आणा. हे हल्ली बोलतातच कमी, आणि बोलले तर पुटपुटतात. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्यांशी बोलून तसं होत असेल.

शुक्रवार, १५ मार्च

गाडीतल्या सेटची चाचणी. वीसपैकी एकोणीस. काय तो आवाज! काका घाटापलीकडून बोलत होते, पण समोर बसून बोलल्यासारखे. त्यांचा आवाज मुळातच ढोलासारखा, ती गोष्ट वेगळी. मला पहिल्यांदा वाटलं, अहवाल लवकर संपेल आणि मी एक दिवस नुसती झोपून राहीन.

संध्याकाळी छोटी सिस्टर येऊन टेबलाशी उभी राहिली.

"ताई, शनिवारी हातातल्या सेटवर पुलाखालून मी तेच वाक्य तीनदा वाचलं. तुम्ही 'अस्पष्ट' लिहिलंत. मास्तरीणबाईंना पहिल्यांदाच कळलं."

"तुझा आवाज बारीक आहे."

"पेशंटजवळ मीच असणार आहे, ताई. याच आवाजाची."

मला राग आला. चोवीस वर्षांत मी किती रडणारे, ओरडणारे, दातखीळ बसलेले आवाज ऐकून गाड्या पाठवल्यात, हे हिला कोण सांगणार? मी म्हटलं, "मग मोठ्याने बोलायला शिक." ती गेली. मास्तरीण फाइल लावत होती. ती हळूच म्हणाली की उरलेल्या नोंदी आपण दोघींनी एकत्र बसून करूया का. मी म्हटलं, माझ्यावर पहारा नको. तिला तशी एक वाईट सवय आहेच. कुठलाही निरोप आला की ती तो मोठ्याने परत उच्चारते आणि मगच मला देते. कधीकधी पोपटाशेजारी बसल्यासारखं वाटतं.

सोमवार, १८ मार्च

अहवालाचा कच्चा मसुदा झाला. शिफारस : बाराही सेट गाडीतले. कारणं सात लिहिली. पाच पुरली असती.

मास्तरीण उद्या रजेवर आहे, बहिणीला दवाखान्यात न्यायचंय. निघताना दारात घुटमळली. "उद्या अँटेनाला बसवू का तुमच्याबरोबर?"

"मी काय पहिल्यांदा बसतेय?"

"तसं नाही, ताई." मग "बरं," म्हणाली आणि गेली. हिला झालंय काय?

मंगळवार, १९ मार्च

आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी अकरा वीसला फोन आला. खाणीकडे मजूर घेऊन निघालेली पिकअप अकराव्या किलोमीटरच्या वळणावरून खाली ओढ्यात गेली. फोन करणारा रस्त्याने जाणारा होता. किती माणसं ते त्याला दिसत नव्हतं, आणि लगेच रेंजही गेली. तीन नंबरची गाडी सगळ्यात जवळ. तिच्यात चाचणीसाठी दोन्ही सेट होते. काका आणि छोटी सिस्टर निघाले. अकरा बावन्नला काका गाडीतल्या सेटवरून बोलले, "पोचलो. खाली उतरतोय, स्ट्रेचरला दोघं लागणार." खणखणीत.

बारा चारला हातातल्या सेटवरून सिस्टर बोलली. खरखर होती, मागे पाण्याचा आवाज. मी ऐकलं ते असं, "पाय जखमी. एक. बेशुद्ध." मी नियमाप्रमाणे परत उच्चारलं, ती "हो, हो" म्हणाली. मी लिहिलं, एक रुग्ण, पायाला जखम, बेशुद्ध. एका रुग्णाला एक गाडी पुरते. मोठ्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांना कळवलं. पाच नंबरची गाडी निघायला तयार होती, तिला मी डायलिसिसच्या एका म्हाताऱ्यांना आणायला पाठवलं.

मग शांतता. बारा वीसला मी गाडीतल्या सेटवर हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. दोघंही खाली, तर वर रिकाम्या गाडीत उत्तर कोण देणार?

बारा अडतीसला परत सिस्टर. आवाज रडवेला. मला कळलं एवढंच, "गाड्या... कुठं?" मी म्हटलं, परत सांग. तिने परत सांगितलं. मी म्हटलं, परत सांग. तेवढ्यात अँटेना चार्ज केलेल्या बॅटऱ्या घेऊन आत आला. दारातच थांबला.

"ताई, ती पाच जण म्हणतेय! पाच जण पडलेत खाली, बाकीच्या गाड्या कुठे पोचल्या विचारतेय!"

त्यानेच माझ्या हातून माइक घेतला. मी दोन गाड्या पाठवल्या. एक वाजून दहा मिनिटांनी त्या पोचल्या.

त्या हातातल्या सेटने घात केला. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

बुधवार, २० मार्च

पाचपैकी एक जण पहाटे गेला. सत्तावीस वर्षांचा, दगड फोडणारा. पोटात रक्तस्राव. डॉक्टरांना मी फोन करून विचारलं, अर्धा तास आधी आला असता तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही." मग म्हणाले, "कदाचित नाहीच." असं विचारणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत असणार.

साहेबांनी बोलावलं. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. म्हणाले, "सेट सदोष होता, असं तुमच्या अहवालात येऊ द्या. चौकशी तिथेच थांबेल."

मी म्हटलं, "होताच सदोष."

"मग झालं तर."

छोटी सिस्टर आज कामावर होती. माझ्याकडे बघितलं नाही. काका चहाच्या खोलीत एकटेच बसले होते. मी म्हटलं, "काका, तुमचंच खरं झालं. गाडीतलाच सेट हवा."

त्यांनी कप बाजूला सारला. "मी खाली होतो, ताई. दोघांना हातांनी उचलून कोरड्यावर आणलं. वर माझा सेट एकटाच हाका मारत होता. तुम्हीच मारत होता ना?"

गुरुवार, २१ मार्च

कंपनीच्या यंत्रात सगळी बोलणी आपोआप साठतात, हे मला माहीत नव्हतं. अँटेनाला माहीत होतं. साहेबांनीच लावायला सांगितलं. सेटचा दोष पुराव्यासकट दाखवायचा होता. खोलीत साहेब, अँटेना, मास्तरीण, छोटी सिस्टर आणि मी.

अँटेनाने बारा चारचा निरोप लावला. पाण्याचा आवाज, खरखर आणि सिस्टर.

"पाय जखमी. एक. बेशुद्ध," मी म्हटलं. "ऐकलंत?"

साहेबांनी चष्मा काढला. मी म्हटलं, परत लावा. अँटेनाने परत लावलं.

"पाय," मी म्हटलं. "स्पष्ट आहे की."

तिसऱ्यांदा लावलं. मला या वेळीही तेच ऐकू आलं, आणि मी तोंड उघडलं तेव्हा मास्तरणीने माझ्या मनगटावर हात ठेवला. ती माझ्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवत, पहिलीच्या मुलीला सांगावं तशी बोलली, "पाच जखमी, एक बेशुद्ध. पाच, ताई. च."

मी अँटेनाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. साहेबांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, म्हणजे त्यांनाही "पाच"च ऐकू आलं होतं.

मग सिस्टर म्हणाली, "तुम्ही 'पाय जखमी' असं परत म्हणालात, तेव्हा मी हो म्हटलं. मला 'पाच'च वाटलं. हातात त्या माणसाचं डोकं होतं, वर कुणाचं तरी इंजिन चालू. मी नीट ऐकायला हवं होतं." आणि ती रडायला लागली. दोन दिवस ती माझ्यावर चिडलीय असं मला वाटत होतं.

मी विचारलं, "मास्तरीण, तुला कधीपासून माहीत आहे?"

"दीड वर्ष झालं असेल."

"म्हणून तू सगळं मोठ्याने परत म्हणायचीस?"

तिने मान हलवली. मला पोपट आठवला आणि लाज वाटली.

शनिवार, २३ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हे बरोबर आले. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी नेहमीच्या शिस्तीने सावध बसले. बराच वेळ आवाज आलाच नाही. मला वाटलं, यंत्र सुरू व्हायचंय. बाहेर आले तर चाचणी संपलेली.

डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. जाडे, खालचे आवाज बरे ऐकू येतात. बारीक, वरचे जवळजवळ गेलेत. च, स, ठ, त यांच्यात मला फरक कळत नाही, उरलेलं डोकं अंदाजाने भरतं. बायकांचे नि मुलांचे आवाज आधी जातात. "इतकी वर्षं सवयीवर काम निभावलंत," त्या म्हणाल्या. "अंदाज फार चांगला असणार तुमचा."

चोवीस वर्षांच्या नोकरीचं प्रशस्तिपत्रक मिळालं. अंदाज चांगला.

रिक्षात ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुलाही माहीत आहे. तुला त्यावर बोलायचं नाही, एवढंच वाटलं."

घरी येऊन आडवी झाले. झोप आली नाही. गेल्या दीड वर्षात मास्तरीण रजेवर असलेले दिवस मोजत होते. निदान तीस भरतात. त्या तीस दिवसांत मी अंदाजाने काय काय भरलं, ते कुठल्याही यंत्रात साठलेलं नाही.

सोमवार, २५ मार्च

साहेबांनी तीन दिवसांची मुदत वाढवून दिली होती. आज नवा अहवाल नेऊन दिला. माझ्या खुर्चीतल्या सगळ्या नोंदी रद्द, फक्त मास्तरणीच्या धराव्यात. तिच्या नोंदींप्रमाणे हातातला सेट वीसपैकी सतरा ठिकाणी चालतो. उरलेली तिन्ही ठिकाणं घाटापलीकडची आहेत, तिथे तो हात टेकतो. शिफारस : नऊही गाड्यांवर एकेक हातातला सेट, उतरून पेशंटजवळ जाणाऱ्याच्या कमरेला. घाटापलीकडे जाणाऱ्या तीन गाड्यांना त्याशिवाय गाडीतला सेटही. तिथे हातातला सेट निदान वर उभ्या गाडीपर्यंत पोचेल, आणि ड्रायव्हर गाडीजवळ थांबून निरोप पुढे पोचवेल. स्ट्रेचरला दुसरा माणूस लागतो म्हणून त्या तीन गाड्यांवर एक माणूस वाढवावा. नऊ आणि तीन, बारा. सोबत १९ तारखेच्या घटनेचा तपशील आणि माझ्या कानांचा आलेख.

साहेबांनी पहिली दोन पानं वाचली. "दोन प्रकार नकोत म्हटलं होतं."

"हो."

"माणूस वाढवणं माझ्या हातात नाही."

"लिहिणं माझ्या हातात आहे."

मग शेवटचं पान आलं. त्यांनी ते बाजूला काढून पालथं ठेवलं. "हे कशाला जोडता? सेटवर ढकलून मोकळ्या व्हा, ताई. निवृत्तीला चार वर्षं उरलीत. तुम्हाला दुसऱ्या टेबलावर बसवतो, कुणाला काही कळणार नाही."

"सेटवर ढकललं तर हातातला सेट बाद होईल. मग पुढच्या वेळी सिस्टर खाली उतरेल ती मुक्यानेच."

"पण चौकशी तुमच्यावर येईल."

"येऊ दे."

मोठा धीर वगैरे काही नव्हता. खरं तर मी इतकी दमले होते, की खोटं सांगून ते चार वर्षं सांभाळायचं बळच अंगात नव्हतं. दोन दिवस मीही "सेट, सेट" करत होतेच ना. त्यांनी ते पान परत जोडलं आणि टाचणी स्वतःच्या हाताने लावली.

बुधवार, ३ एप्रिल

आदेश आला. नऊ नि तीन मान्य. वाढीव माणूस "विचाराधीन". एकही सेट राखीव नाही. एक बिघडला की एक गाडी मुकी. काकांच्या गाडीत गाडीतला सेट येणार नाही म्हणून ते फुरंगटले, मग सिस्टरच्या कमरेचा सेट बघून म्हणाले, "निदान तुला हाक मारली की तू ओ देशील." तिने माझ्याकडे बघितलं. मी हसले, तेव्हा ती हसली.

माझ्यावर ताशेरा आला आहे. मला माइकवरून कायमचं उतरवलं. आता बॅटऱ्या वाटप आणि नव्या माणसांना शिकवणं. निरोप देण्याचे नवे नियम मी लिहिले. जखमींचा आकडा सांगताना नुसता आकडा सांगायचा नाही, मोजून म्हणायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. ऐकणाऱ्यानेही परत मोजून म्हणायचा. वेळ जातो, अशी तक्रार आलीय. किती जातो ते मी घड्याळ लावून बघितलं. तीन सेकंद.

कानात यंत्र बसवलंय. त्याने सगळंच मोठं होतं, भांडी, पंखा, कागद. शब्द मात्र अजून अर्धेच. डॉक्टरीणबाई म्हणतात, सवय होईल, पण पूर्वीसारखं होणार नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल

दुपारी एक जण बॅटऱ्यांच्या खोलीत आला. तिशी-पस्तिशीचा, सिमेंटने हात फुटलेले. गेला त्या मजुराचा मोठा भाऊ. चौकशीचं पत्र त्याच्याकडे गेलं होतं. कंट्रोल रूममध्ये त्याने विचारलं आणि मास्तरणीने त्याला माझ्याकडे आणलं. ती जायला निघाली, मी तिला थांबवलं नाही.

मी खुर्ची दिली. तो उभाच राहिला. म्हणाला, "मला वेळा पाहिजेत."

मी यंत्र नीट बसवलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "कसल्या?"

"कधी फोन आला, कधी गाडी आली. आई विचारते. पत्रातलं तिला कळत नाही."

मी सांगितल्या. अकरा वीस. अकरा बावन्न. बारा चार. बारा अडतीस. एक दहा.

"बारा चार ते बारा अडतीस काय झालं?"

"तुमचा माणूस धरून पाच जण जखमी आहेत, असा निरोप आला होता. मला 'पाय' ऐकू आलं. मी दुसरी गाडी पाठवली नाही."

"तुम्हाला?"

"मला. मला कमी ऐकू येतं. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला हवं होतं."

तो माझ्या कानाकडे बघत राहिला. ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "आता तिथे कोण बसतं?"

"ज्यांना ऐकू येतं, त्या."

त्याने मान हलवली. म्हणाला, वेळा लिहून द्या. मी एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरात लिहिल्या, खाली माझी सही केली, "निरोप चुकीचा घेणारी" असं सहीखाली लिहिलं. त्याने घडी करून खिशात ठेवला. तरी तो जाईना.

"आणखी काही?"

"तो एकटा होता का तेवढा वेळ?"

हे मला माहीत नव्हतं. मी सिस्टरला बोलावून घेतलं. ती नुकतीच फेरीवरून आली होती, कमरेला सेट, बाह्या ओल्या. तो कोण हे मी सांगितलं. ती त्याच्याजवळ गेली, माझ्याकडे पाठ झाली. ती बोलू लागली. तिचा तो बारीक, भरभर आवाज. मला एकही शब्द लागेना. भाऊ खाली मान घालून ऐकत होता. मध्येच एकदा हसल्यासारखा झाला, आणि लगेच त्याने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. ती बोलतच राहिली. बराच वेळ. मग तिने त्याला खुर्चीत बसवलं, आणि या वेळी तो बसला.

तो गेल्यावर सिस्टरने डोळे पुसले आणि विचारलं, "ऐकलंत ना, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

"सांगू?"

मी नको म्हटलं. ते त्याचं होतं. तिने त्याला काय सांगितलं असेल याचा अंदाज माझ्या डोक्यात लगेच तयार झाला होता, पूर्ण वाक्यांसकट. तो मी इथे लिहीत नाही.